बरोबरीचे जाळे आणि बड्या गाठी

व्यापार कोणताही असो, तो जाळ्यावर चालतो. यंत्रमागावरून उतरलेले कापड प्रोसेसला जाते, तेथून घाऊक पेढीवर येते, पेढीवरून आडत्याकडे आणि आडत्याकडून तालुक्याच्या दुकानदाराच्या फळीवर. यातला कोणता हात सुटला तर माल कोठे अडकेल आणि पैसा कोठे बुडेल, याचा विचार आपण सहसा हात सुटल्यावरच करतो.

आजच्या लेखात आम्ही या प्रश्नाचा अभ्यास संगणकाच्या जाळ्यावरून करणार आहोत. वाचक विचारतील की कापडवाल्याला संगणकाच्या जाळ्याशी काय देणेघेणे? उत्तर असे की आपल्या धंद्यात एखादे जाळे तुटले तर त्याचा हिशेब कोणी छापत नाही. झाकपाकच जास्त होते. संगणकाच्या जाळ्यांचे मात्र तसे नाही. ती कशी बांधली, कशी पडली आणि का पडली, हे बांधणाऱ्यांनीच लिहून ठेवले आहे. त्यातले सर्वांत शिकण्यासारखे उदाहरण म्हणजे स्काइप. परदेशी गेलेल्या आप्तांशी संगणकावरून फुकट बोलण्याची सोय म्हणून हे नाव घरोघरी पोहोचले होते. २००३ च्या ऑगस्टमध्ये ते सुरू झाले आणि ५ मे २०२५ रोजी कायमचे बंद झाले.

तीन तऱ्हांची जाळी

१९६४ साली अमेरिकेतील रँड या संस्थेत काम करणारे पॉल बॅरन यांनी जाळ्यांच्या तीन तऱ्हा सांगितल्या. पहिलीत सर्व दोर मधल्या एकाच गाठीला बांधलेले असतात. दुसरीत काही बड्या गाठी असतात आणि त्या प्रत्येकीला लहान गाठी जोडलेल्या असतात. तिसरीत बडी गाठ कोणतीच नसते. मासे धरण्याच्या जाळ्याप्रमाणे प्रत्येक गाठ शेजारच्या काही गाठींना बांधलेली असते. बॅरन यांच्यापुढे प्रश्न लढाईचा होता : हल्ल्यात निम्म्या गाठी उडाल्या तरी उरलेल्या एकमेकींशी बोलू शकतील काय? त्यांचे उत्तर असे की तिसऱ्या तऱ्हेच्या जाळ्यात प्रत्येक गाठीला अवघे तीन-चार दोर असले तरी जाळे फार चिवट होते.

कागदावर हे सोपे दिसते. प्रत्यक्षात तिन्ही तऱ्हा लोकांनी वापरून पाहिल्या आणि प्रत्येकीची किंमत मोजली.

एकच वही, एकच मुनीम

१९९९ साली नॅपस्टर नावाची सोय निघाली. लोकांच्या संगणकांवरची गाणी एकमेकांना पाठविण्याचे हे साधन होते. गाणी ज्याच्या त्याच्या घरी असत, पण कोणाकडे काय आहे याची यादी नॅपस्टरच्या स्वतःच्या यंत्रांवर असे. म्हणजे माल हजारो दुकानांत आणि वही एकाच मुनिमाकडे. गाणी मालकांच्या परवानगीशिवाय वाटली जात होती, म्हणून १९९९ च्या डिसेंबरात ध्वनिमुद्रण कंपन्यांनी दावा लावला. न्यायालयाचा हुकूम झाला आणि जुलै २००१ मध्ये सेवा बंद पडली. दावा रास्त होता, तो आपला आजचा विषय नाही. आपल्यासाठी मुद्दा एवढाच की घरोघरची गाणी जागच्या जागी होती, पण वही मिटली आणि सारा बाजार उठला.

सर्वांनी सर्वांना विचारणे

मार्च २००० मध्ये ग्नूटेला नावाची दुसरी रचना आली. तिच्यात वहीच नव्हती. तुम्हाला एखादी वस्तू हवी असेल तर आपल्या चार शेजाऱ्यांना विचारा, त्यांच्याकडे असेल-नसेल, ते आपापल्या शेजाऱ्यांना विचारतील, ते पुढच्यांना. निरोप अखंड फिरत राहू नये म्हणून सात पायऱ्यांनंतर तो थांबवीत असत.

आता हिशेब करू. प्रत्येकाला चार शेजारी धरले तर पहिल्या पायरीवर ४ निरोप, दुसरीवर १२, तिसरीवर ३६, अशा रीतीने सात पायऱ्यांची बेरीज ४,३७२ होते. एका माणसाच्या एका चौकशीसाठी ४,३७२ निरोप! हजार माणसांनी एकेकदा विचारले तर ४३ लाख ७२ हजार. त्या काळी घरचा संगणक टेलिफोनच्या बारीक तारेवर चालत असे. ज्यांची तार मंद ते दुसऱ्यांचे निरोप वाहता वाहताच दमून जात आणि त्यांच्यामुळे पुढचा रस्ताही तुंबे. बरोबरी होती, पण दुबळ्याच्या डोक्यावरही तेवढेच ओझे होते जेवढे सबळाच्या.

सुपरनोडची युक्ती

यातून मधली वाट निघाली. २००१ साली आलेल्या काझाने ती घेतली. स्वीडनचे निकलस झेनस्ट्रॉम आणि डेन्मार्कचे यानुस फ्रीस हे तिचे संस्थापक; संगणकाचे काम एस्टोनियातल्या तरुणांनी केले. याच मंडळींनी पुढे स्काइप उभे केले आणि तीच रचना त्यात वापरली. ग्नूटेलालाही नंतर याच वाटेने जावे लागले.

युक्ती अशी. जाळ्यातल्या लाखो संगणकांपैकी ज्यांची यंत्रे दमदार, तार रुंद, जे बराच वेळ चालू राहतात आणि ज्यांच्यापर्यंत बाहेरून थेट पोहोचता येते, असे काही संगणक आपोआप निवडायचे आणि त्यांना सुपरनोड करायचे. बाकीचे साधे संगणक एखाद्या सुपरनोडला चिकटतात. कोण हजर आहे, कोण कोठे आहे, हा पत्ता सुपरनोड ठेवतात. दोन माणसांचा थेट संबंध जुळत नसेल तर मध्ये उभे राहून बोलणेही वाहतात. आपल्या भाषेत सांगायचे तर हे जाळ्यातले आडतेच.

फरक एवढाच की या आडत्यांना आडत मिळत नव्हती. आपला संगणक सुपरनोड झाला आहे हे बहुतेक मालकांना ठाऊकही नसे. कंपनीचा यंत्रांचा आणि तारेचा मोठा खर्च लोकांच्या यंत्रांवर निघत होता, म्हणूनच ती फुकट बोलू देऊ शकत होती. नाव आणि परवलीचा शब्द तपासण्याचे काम मात्र कंपनीने आपल्याच यंत्रांकडे ठेवले होते. बाहेरून पाहणाऱ्याला ते बरोबरीचे जाळे वाटे. आतून ते बॅरन यांच्या दुसऱ्या तऱ्हेचे, बड्या गाठींचे जाळे होते.

या रचनेला आम्ही नावे ठेवीत नाही. आडत्या नको म्हणणाऱ्या व्यापाऱ्याने एकदा स्वतः दोनशे दुकानदारांची वसुली करून पाहावी. सुपरनोडमुळे चौकशी झटपट होऊ लागली, दुबळ्या यंत्रांचे ओझे उतरले आणि जाळे कोट्यवधी लोकांपर्यंत वाढले. प्रश्न बड्या गाठी असण्याचा नाही. त्यातल्या काही गाठी एकाच वेळी सुटल्या तर पुढे काय, हा आहे.

२२ डिसेंबर २०१०

पहिला इशारा १६ ऑगस्ट २००७ रोजी मिळाला होता. विंडोजची नेहमीची दुरुस्ती जगभरच्या संगणकांवर उतरली, ते थोड्याच अवधीत बंद होऊन पुन्हा सुरू झाले आणि सर्वांनी एकदम आत येण्यासाठी दार ठोठावले. सुपरनोडही त्यातच बंद झालेले होते. जाळे आपोआप सावरावे अशी जी व्यवस्था होती तिच्यातली एक जुनी चूक तेव्हा उघडी पडली. सेवा सुमारे दोन दिवस बिघडलेली राहिली.

मोठा धक्का २२ डिसेंबर २०१० चा. त्या काळी एका वेळी सुमारे २ कोटी लोक जोडलेले असत. कंपनीने नंतर स्वतः जाहीर केलेला घटनाक्रम असा :

गैरहजर माणसाला निरोप पोहोचविणारी कंपनीची काही यंत्रे ओझ्याने मंदावली. त्यामुळे लोकांच्या संगणकांना उत्तरे उशिरा मिळू लागली. विंडोजसाठीच्या ५.०.०.१५२ या एका आवृत्तीत दोष होता. उशिरा आलेले उत्तर तिला पचले नाही आणि ती कोसळू लागली. जगभरातले सुमारे निम्मे लोक नेमकी हीच आवृत्ती वापरीत होते. त्यांपैकी सुमारे ४० टक्के कोसळले. कोसळलेल्यांत सुपरनोडही होते. एकूण सुपरनोडांपैकी २५ ते ३० टक्के गेले.

येथपर्यंत नुकसान पाव भागाचे होते. पण ज्यांचे बोलणे तुटले त्या सर्वांनी लगेच स्काइप पुन्हा सुरू केले आणि उरलेल्या सुपरनोडांकडे धाव घेतली. त्या वेळेला जेवढी वर्दळ असायची तिच्या सुमारे १०० पट वर्दळ त्यांच्यावर आली. ओझे मर्यादेबाहेर गेले तर स्वतःला वाचविण्यासाठी बाजूला व्हावे, अशी सोय प्रत्येक सुपरनोडात होती. ते बाजूला झाले. त्यांचे ओझे आणखी उरलेल्यांवर गेले. तेही बाजूला झाले. कोसळलेला सुपरनोड पुन्हा सुरू झाला तरी कामाला लागायला त्याला वेळ लागे. सुमारे एक दिवस जगभरचा कारभार विस्कटला. शेवटी कंपनीने स्वतःची हजारो तात्पुरती बडी यंत्रे सुपरनोड म्हणून उभी केली तेव्हा जाळे सावरले.

हिशेब मांडून पाहू

हे असे का होते? त्यासाठी संगणक लागत नाही, पाटी-पेन्सिल पुरे.

समजा एका व्यापाऱ्याचे १० आडते आहेत. प्रत्येकाची ताकद दिवसाला १०० ऑर्डरी सांभाळण्याची आहे आणि सध्या प्रत्येकाकडे ८० येतात. एकूण काम ८००. सगळे खूश, कारण कोणीही रिकामा बसलेला नाही. आता दोन आडते बसले तर ८०० भागिले ८, म्हणजे प्रत्येकी १००. नाकापर्यंत पाणी, पण जीव वाचला. तीन बसले तर ८०० भागिले ७, म्हणजे ११४ पेक्षा जास्त. आता सातही जण ताकदीबाहेर गेले. त्यांतला एक थकून बसला की उरलेल्या सहांवर १३३, मग पाचांवर १६०. तिसऱ्यापर्यंत नुकसान तिघांचे होते. तिसऱ्यानंतर ते दहाही जणांचे झाले.

याच व्यापाऱ्याने प्रत्येकाकडे ८० ऐवजी ७० च काम ठेवले असते तर तीन बसल्यावरही ७०० भागिले ७, बरोबर १०० झाले असते. त्या दहा ऑर्डरींची जी मोकळी जागा रोज वाया गेल्यासारखी दिसते तीच वाईट दिवशीची शिल्लक आहे. नियम असा : जितके हात एकाच वेळी सुटू शकतात ते आधी ठरवा, उरलेल्या हातांची पुरी ताकद मोजा, आणि नेहमीचे एकूण काम तिच्या आतच ठेवा.

पडण्याची खरी कारणे

२०१० च्या घटनेतून आम्हाला तीन गोष्टी वेगळ्या काढाव्याशा वाटतात.

पहिली, संख्या पुष्कळ होती पण विविधता कमी होती. सुपरनोड हजारोंनी होते, पण त्यांतले कितीतरी एकाच आवृत्तीवर चालत होते. जुन्या चौथ्या आवृत्तीचे, मॅक संगणकाचे आणि आयफोनचे स्काइप त्या दोषाने कोसळले नाही. एकाच दोषाचे हजार हात हे संकटाच्या दिवशी एकच हात ठरतात.

दुसरी, ज्याने त्याने स्वतःपुरते शहाणपण केले आणि सर्वांचे मिळून नुकसान झाले. ओझे वाढताच बाजूला होणे हे एकेका सुपरनोडसाठी बरोबर होते. बाजारात वाईट खबर येताच प्रत्येक पेढीने त्याच दिवशी उधारी आखडली तर जसे होते तसे हे झाले.

तिसरी, ज्यांचे तुटले त्यांच्याकडे सुपरनोडांखेरीज दुसऱ्या कोणाचा पत्ताच नव्हता. साध्या संगणकाला काही सुपरनोड माहीत, पलीकडचे जाळे नाही. म्हणून सारी गर्दी त्याच मोजक्या दारांशी झाली.

प्रत्येकाकडे एक छोटी वही

मग चौथी वाट आहे काय? आहे, आणि ती आजही चालू आहे. २००२ साली पेटार मेमुनकोव्ह आणि डेव्हिड माझिएर यांनी कॅडेमलिया नावाची रचना मांडली. तिच्यात एकच मोठी वही नाही, बडे वहीवाले नाहीत आणि गावभर दवंडीही नाही. प्रत्येक संगणकाला एक नंबर असतो. प्रत्येकजण एक छोटी वही ठेवतो : आपल्या नंबराजवळच्या पुष्कळांचे पत्ते आणि दूरच्यांपैकी थोड्यांचे. एखादा नंबर शोधायचा असेल तर आपल्या वहीतला त्याच्या सर्वांत जवळचा जो असेल त्याला विचारायचे. तो आपल्या वहीतून आणखी जवळचा पत्ता देतो. प्रत्येक पावलाला अंतर निम्मे किंवा त्याहूनही कमी होते. १०,४८,५७६ ला वीस वेळा निम्मे केले की १ उरतो. म्हणजे दहा लाखांच्या जाळ्यातही वीसेक पावलांत काम होते. ग्नूटेलाच्या ४,३७२ निरोपांशी याची तुलना करून पाहावी.

बिटटोरेंट हे फाइली वाटण्याचे साधन २००१ साली ब्रॅम कोहेन यांनी काढले तेव्हा कोणाकडे काय आहे याची नोंद ट्रॅकर नावाच्या यंत्राकडे असे. २००५ पासून कॅडेमलियाच्या धर्तीची रचना त्यात आली आणि ट्रॅकर बंद पडला तरी लोक एकमेकांना शोधू शकू लागले.

पण येथेही फुकट काही नाही. माणसे सतत येत-जात असतात, म्हणून प्रत्येकाला आपली वही वारंवार तपासून ताजी ठेवावी लागते. जाळ्यात पहिले पाऊल टाकायला ओळखीचा एक तरी पत्ता लागतोच. आणि फसवणुकीचा धोका आहे : एकच माणूस हजार नावे घेऊन हजार गाठी असल्याचे सोंग करू शकतो. मायक्रोसॉफ्टचे संशोधक जॉन डुसर यांनी २००२ सालीच दाखवून दिले की नावे तपासणारा कोणी विश्वासाचा माणूस नसेल तर हे सोंग रोखणे जवळजवळ अशक्य आहे. आडत्या काढला की आडत वाचते, पण पत तपासण्याचे त्याचे काम आपल्या अंगावर येते.

स्काइपने काय केले?

मायक्रोसॉफ्टने २०११ साली स्काइप साडेआठ अब्ज डॉलरला विकत घेतले. २०१२ मध्ये लोकांच्या संगणकांना सुपरनोड करणे थांबवून कंपनीने स्वतःची सुमारे १० हजार यंत्रे त्या जागी बसविली. वाट उलटी झाली : बरोबरीच्या जाळ्यातून बड्या गाठी, बड्या गाठींतून एका मालकाच्या गाठी. याला व्यवहाराचेही कारण होते. लोक मोबाइल फोनवर आले होते, आणि बॅटरीवर चालणारा फोन दुसऱ्यांचे ओझे वाहू शकत नाही. ज्यांच्या फुकटच्या खांद्यावर जाळे उभे होते ते खांदेच कमी झाले. लोकांचे काम सुरळीत झाले, पण जाळ्याचे चालणे-थांबणे पूर्णपणे मालकाच्या मर्जीवर गेले. मालकाने २०२५ साली बंद करायचे ठरविले आणि ते बंद झाले.

आपल्या पेढीसाठी धडा

आम्ही हा विषय का घेतला ते आता सांगतो. आमच्या पेढीचा एका जिल्ह्यातला सारा व्यवहार काही वर्षे एकाच आडत्याच्या हाती होता. माणूस चोख, वसुली वेळेवर, आम्ही निर्धास्त. एका हंगामात त्याचा धंदा बसला. तेव्हा आमच्या लक्षात आले की आमच्या वहीत दुकानदार नव्हतेच, फक्त आडत्याचे नाव होते. माल कोणाकोणाच्या फळीवर पडला आहे हेच आम्हाला माहीत नव्हते. त्या हंगामाची मोठी रक्कम आली नाही. पुढे त्या भागात फिरून जे दुकानदार सापडले त्यांतले बहुतेक प्रामाणिक होते, त्यांनी आपापले पैसे आडत्याकडे कधीच भरलेले होते. दोष आडत्याला देऊन आम्ही बरेच दिवस समाधान करून घेतले. वहीचा दोष आमचा होता.

हल्ली नमुन्यांचे फोटो, भाव आणि ऑर्डरी व्हॉट्सअपवर जातात. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री आपल्याकडे नऊच्या सुमारास ते बंद पडले आणि सुमारे सहा तास जगभर बंद राहिले. कारण एवढेच की फेसबुक कंपनीत देखभालीच्या कामात एक चुकीची आज्ञा गेली. त्या रात्री ज्यांनी दुकानदारांचे नंबर कागदावर लिहून ठेवले होते त्यांना सकाळची काळजी नव्हती.

तेव्हा व्यापारी बंधूंनी एक दिवस दुकान बंद झाल्यावर अर्धा तास काढून पुढील चार प्रश्न स्वतःच्या वहीत सोडवावेत.

१. आपला सर्वांत मोठा आडत्या किंवा सर्वांत मोठी पार्टी एकूण धंद्याच्या किती टक्के आहे? ती उद्या नसेल तर बाकीच्यांवर किती ओझे येते, आणि ते त्यांना झेपेल काय?

२. आपले चार आडते खरोखर चार आहेत काय? चौघांनाही एकच सावकार पैसा पुरवीत असेल, किंवा चौघेही एकाच हंगामाच्या गणवेशावर जगत असतील, तर ते चार नाहीत, एकच आहेत.

३. आडत्याच्या पलीकडचे किमान थोडे दुकानदार तरी आपल्याला नावागावानिशी माहीत आहेत काय? आडत्याचा हक्क मारून त्यांच्याशी परस्पर सौदा करावा असे आम्ही सांगत नाही. आडत त्याची त्याला द्यावी. पण पत्ता आपल्या वहीत असावा आणि वर्षातून एकदा तरी सलाम-दुआ असावी.

४. एखाद्या दिवशी सगळेच घाबरले तर आपण काय करणार, हे आज शांतपणे लिहून ठेवले आहे काय? उधारी कोणाची थांबवायची आणि कोणाची थांबवायची नाही, हे घबराटीच्या दिवशी ठरवू नये.

बड्या गाठी राहणारच. त्यांच्यावाचून मोठा धंदा होत नाही. पण प्रत्येक लहान गाठीला दुसरा एक दोर असावा. तो दोर रोजच्या कामात निरुपयोगी दिसतो आणि त्याचा खर्च डोळ्यांत सलतो. आम्ही तो खर्च आता दरवर्षी करतो : पेढीचा एक माणूस दिवाळीनंतर पंधरा दिवस जिल्ह्यात फिरतो, एक रुपयाचीही ऑर्डर घेत नाही, फक्त दुकानदारांची नावे, गावे आणि नंबर ताजे करून येतो.